नावाची पट्टी नसलेलं भांडं

माझी बायको लिनेट वारली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर पायरीवर काचेचं मोठं भांडं होतं. वर फॉइल घट्ट बसवलेलं. आत चिकन आणि भात, वरून चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेला. आमच्याकडे कुणी गेलं की लोक असं काहीतरी करून आणतात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून तिच्यावर स्वतःचं नाव लिहितात, म्हणजे धुऊन कुणाला परत द्यायचं ते कळतं. चर्चमधल्या बायकांनी आणलेल्या सगळ्या भांड्यांना नावं होती. ह्या एका भांड्याची पट्टी फाडून काढलेली होती. गोंदाचा चिकट चौकोन तेवढा राहिला होता.

म्हणजे कुणाला तरी यायचं होतं, पण आल्याचं कळू द्यायचं नव्हतं.

मी ते जेवलो. चांगलं होतं. मग भांडं धुतलं आणि कपड्यांच्या मशीनवर ठेवलं. तिथेच ते राहिलं.

आम्ही वॉशिंग्टनजवळ मनासस गावात राहतो. राहतो म्हणजे आता मी राहतो. मी गराजचे दरवाजे बसवायचो, गुडघ्यांमुळे ते बंद केलं. लिनेट चँटिलीतल्या एका कंपनीत होती. त्या इमारतीवर पाटी नाही. फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा आणि आत जायचं. सरकारचं काम, गुप्त. आमच्या भागात बऱ्याच घरांत असं कुणीतरी असतं, त्यामुळे 'आज ऑफिसात काय झालं' असं कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही. ती मात्र मला विचारायची. दरवाजा कुणाचा होता, स्प्रिंग तुटली होती का, घरात कुत्रा होता का. सगळ्या संसारात जेवताना बोलायचं काम माझं होतं.

अलीकडे तिथली कामं संगणकच करायला लागलेत, स्वतः शिकतात, स्वतः ठरवतात, एवढं मला पेपरातून माहीत होतं. लिनेटकडून नाही.

तिची एक सवय होती. सही करायच्या आधी ती कागद वाचायची. सगळा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बँकेत, औषधाच्या दुकानात. मागे रांग लागायची आणि मी तिच्या शेजारी उभा राहून बुटांकडे बघायचो. एकदा तळ्यावर नाव भाड्याने घेताना तिने दोन्ही बाजूंचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. मागचा एक माणूस म्हणाला, "बाई, नावेत बसायचंय, तिच्याशी लग्न नाही लावायचं."

लिनेट मान वर न करता म्हणाली, "लग्नाच्या वेळीही वाचलं होतं."

सगळी रांग हसली. मीही हसलो, पण मला लाजही वाटली होती.

एक दिवस ती भर दुपारी घरी आली. हातात खोका, खोक्यात तिचा कॉफीचा मग आणि निवडुंगाची कुंडी.

"मी तक्रार केली आहे," ती म्हणाली. "सरकारच्याच तपासणी कार्यालयाकडे, नियमाने. पेपरवाल्यांकडे गेलेले नाही. तुला एवढंच सांगता येतं."

"मग?"

"मग माझं ओळखपत्र काढून घेतलं."

मी विचारलं, "जेवलीस का?"

तिने खोका ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "नाही अजून." मी चीज घालून ब्रेड भाजला. आम्ही उभ्या उभ्याच खाल्ला.

त्यानंतर आमच्याकडे कुणी येईना. डॉयल फेनर तिच्याच ऑफिसातला, दर शुक्रवारी तो आणि त्याची बायको पत्ते खेळायला यायचे. ते बंद झालं. फोन नाही, भांडण नाही, काही नाही. एकदा तो हार्डवेअरच्या दुकानात रंगांच्या डब्यांपाशी दिसला.

"काय रे डॉयल, शुक्रवार विसरलास का?" मी म्हटलं.

तो हातातल्या रंगाच्या नमुन्याकडे बघत राहिला. "हार्लन, तू चांगला माणूस आहेस," तो म्हणाला. "पण मला अजून मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे." आणि डबा न घेताच गेला.

लिनेटला मी हे सांगितलं नाही. तिला कळलं असणार. पुढच्या शुक्रवारी तिने पत्त्यांचा जोड ड्रॉवरमध्ये आत सरकवून ठेवला.

मग तिला कॅन्सर निघाला. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

अंत्यविधीला तिच्या ऑफिसातलं कुणी आलं नाही. शेवटच्या बाकावर निळ्या कोटातली एक उंच, सावळी बाई होती. ती कुणाशी न बोलता निघून गेली. पुढच्या आठवड्यात तीच दारात उभी.

"मी ओडेसा प्रिचर्ड. लिनेटची वकील."

"मृत्युपत्राची?"

"नाही," ती म्हणाली. "आत येऊ का? ह्या गोष्टी मी फोनवर बोलत नाही."

ती पूर्वी नौदलात वकील होती. आता वॉशिंग्टनला एका छोट्या संस्थेत आहे, खाली बूट दुरुस्तीचं दुकान आणि वर ह्यांची कचेरी. गुप्त कामातली चूक जे आतून सांगतात, पेपरवाले ज्यांना जागले म्हणतात, त्यांची वकिली ती संस्था फुकट करते. पूर्वी जास्त करून शिपाईगडी आणि हेरखात्यातले यायचे, म्हणाली. आता संगणकवाले येतात.

मी कॉफी दिली. तिने एक घोट घेतला आणि कपात वाकून बघितलं. "ही कॉफीच आहे ना, हार्लन? की दरवाज्यांना घालायचं तेल उरलं होतं?"

लिनेट गेल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात कुणी थट्टा केली नव्हती.

मग तिने मला समजेल असं सांगितलं. लिनेटने दोन गोष्टी कळवल्या होत्या. एक, आत काहीतरी चुकतंय. दोन, ते सांगितलं म्हणून तिला शिक्षा झाली. ही तक्रार ती गेली म्हणून संपत नाही. वारस म्हणून आता ती माझ्या हातात आली होती. मी चालू ठेवली तर चालेल, मागे घेतली तर फाइल बंद.

"आणि बंद झाली की आतलं जे काही चुकतंय ते?"

"तेही बंद. सगळं तिच्या एकटीच्या नावावर उभं आहे. दुसरं कुणी पुढे आलेलं नाही."

"काय चुकतंय आत?"

तिने तळहात वर केला, चौकात पोलीस गाडी थांबवतो तसा. "गुप्त भाग मला सांगता येत नाही. जो गुप्त नाही, तोही आज सांगणार नाही."

"का?"

"कारण माझ्या अशिलाने सांगून ठेवलंय." तिने कप बाजूला सरकवला. "लिनेट म्हणाली, हार्लनला कळलं तर तो माझ्यासाठी लढत बसेल. त्याच्यावर माझं ओझं नको. त्याला आधी त्याच्या मनाने ठरवू दे. ठरवलं की मग सांग."

मला राग आला. "म्हणजे मेल्यावरही तेच. मला काही सांगायचं नाही."

"हो," ओडेसा म्हणाली. "मेल्यावरही तेच."

मी लवकर ठरवलं नाही. विचार करतो म्हणालो, आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. ओडेसा आली की लिनेटबद्दल काहीतरी सांगायची. मोठं काही नाही. लिनेट खिडकीकडे तोंड करून बसायची. स्वतःचं पेन आणायची, दुसऱ्याचं घ्यायची नाही. बोलताना अडखळली की पर्समधली पीनट बटरची बिस्किटं काढायची आणि ओडेसालाही द्यायची. मला ती बिस्किटं खाताना कधी दिसली नव्हती. घरात ती पीनट बटरला हात लावायची नाही. माझ्या बायकोचा एक तुकडा ह्या बाईकडे होता आणि तो मला थोडा थोडा मिळत होता. निर्णय झाला असता तर ते येणं थांबलं असतं.

मग कंपनीचा निरोप आला. तडजोड करायची तयारी आहे म्हणून.

आम्ही चँटिलीला गेलो, ओडेसाच्या गाडीतून. वाटेत मी विचारलं, "तुमचं काय मत?"

"तुमची वकील म्हणून सांगते, प्रस्ताव वाईट नाही. पुढे लढलात तर हरायची शक्यता जास्त आहे. अशील जिवंत नाही, साक्षीला कुणी नाही."

"माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

"मी दर वेळी लढते. म्हणून तर माझ्या घरी जेवायला एकच ताट लागतं. मला विचारू नका."

त्या इमारतीत मी पहिल्यांदाच पाय ठेवला. अगदी पुढची खोली, जिथपर्यंत माझ्यासारख्याला जाता येतं. आम्ही फोन कपाटात ठेवले. तसलंच कपाट, ज्यात ती रोज ठेवत असणार. कंपनीचा वकील स्प्रेग नावाचा, गुलाबी चेहऱ्याचा, फार सभ्य माणूस. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. तुमचं दुःख मी समजू शकतो म्हणाला. मग प्रस्ताव वाचून दाखवला. मी तक्रार मागे घ्यायची आणि बदल्यात लिनेटच्या नोंदीत दुरुस्ती होईल, तिने स्वखुशीने आणि चांगल्या नावाने नोकरी सोडली असं लिहिलं जाईल. तिच्या पेन्शनमधला काही भाग मला मिळेल. आणि आतल्या अंगणात, कंपनीतल्या वारलेल्या माणसांच्या नावांचे दगड आहेत, त्यांत तिच्या नावाचा एक बसवतील.

"तो मला बघता येईल?"

"वर्षातून एकदा," स्प्रेग म्हणाला. "सोबतीला आमचा माणूस असेल."

मला तो दगड हवा होता. खरंच हवा होता. डॉयल फेनर जेवायला जाताना रोज त्याच्यावरून जाईल आणि त्याला ते नाव वाचावं लागेल, असं माझ्या मनात आलं. आणि मी दमलो होतो. कोर्टातल्या लोकांनी माझ्या बायकोचं नाव घेत वर्षानुवर्षं भांडावं, ह्याची मला इच्छा नव्हती. मी ठरवलं, सही करायची.

ओडेसाने आपलं पेन पुढे केलं. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. लिनेटचं पेन मी खिशात घेऊन आलो होतो.

सही करायच्या ओळीच्या वर एक वाक्य होतं. मी चष्मा लावला. 'परिशिष्ट ब मी पूर्ण वाचले आहे व मला ते समजले आहे.'

"परिशिष्ट ब कुठं आहे?"

"ते आत आहे, मॅबरीसाहेब," स्प्रेग म्हणाला. "गुप्त आहे. तुमच्या वतीने मिस प्रिचर्ड यांनी वाचलंय. त्यांना तशी परवानगी आहे."

"पण इथे लिहिलंय की मी वाचलं."

"ती फक्त लिहायची पद्धत आहे. सगळेच सही करतात."

"मग वाक्य बदला. ओडेसाने वाचलं असं लिहा."

"वाक्य बदलता येत नाही. वरून ठरून आलेलं आहे." तो अजूनही हसऱ्या चेहऱ्याने बोलत होता. "खरं सांगू का, मॅबरीसाहेब, हे वाक्य कुणी बघतसुद्धा नाही."

मी ओडेसाकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती. मदत करायला ती तयार नव्हती, हे दिसत होतं.

मला त्या तळ्यावरची रांग आठवली. मागचे लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात आणि लिनेट बोटाने ओळ धरून वाचते आहे. तेव्हा शेजारी उभं राहणं मला जमलं नव्हतं.

"मी वाचलेलं नाही," मी म्हटलं. "मग वाचलं म्हणून कसं लिहू?"

"प्रस्ताव आजच्यापुरताच आहे," स्प्रेग म्हणाला. "नंतर दगडाचंही काही सांगता येणार नाही."

मी पेनाला टोपण लावलं. धाडस वगैरे काही वाटलं नाही. कधी एकदा बाहेर जातो असं झालं होतं.

गाडीत बसल्यावर ओडेसाने किल्ली लावली, पण फिरवली नाही. ती समोरच्या काचेकडे बघत होती. डोळे पुसले असावेत, मी त्या बाजूला बघितलं नाही.

"तुम्ही ठरवलंत," ती म्हणाली. "आता मला सांगता येईल. गुप्त नसलेला भाग. तक्रारीत तो एवढासाच आहे."

तिने सांगितला तो असा. आत एक यंत्र आहे, शिकलेला संगणक. ते ढीगभर माहिती वाचतं आणि माणसांची नावं काढतं. त्या नावांचं पुढे काय होतं, ते गुप्त. पण नियम असा की प्रत्येक नावामागचं सगळं आधी एका माणसाने वाचायचं आणि मगच 'मी वाचलं' म्हणून सही करायची. नावं इतकी येतात की वाचायला वेळच उरत नाही. तरी सगळे सही करतात. लिनेट वाचायची. तिचं काम मागे पडायला लागलं, वरचे ओरडायला लागले. तेव्हा तिने लिहून दिलं की इथे कुणी वाचत नाही, वाचलं असं फक्त लिहितात.

"बस?" मी म्हटलं.

"बस."

आम्ही बराच वेळ त्या पार्किंगमध्ये बसलो. लोक जेवायला बाहेर पडत होते, गळ्यातली ओळखपत्रं शर्टाच्या खिशात घालत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की घरातली लिनेट आणि तिथली लिनेट अशा दोन वेगळ्या बायका आहेत. घरातली तेवढी माझी. आता कळलं की दोन्ही ठिकाणी तीच होती. औषधाच्या दुकानातली. हे तिला सांगायला हवं होतं, आणि ती नव्हती.

ओडेसाने गाडी चालू केली.

"साक्षीला दुसरं कुणी मिळालं तर?" मी विचारलं.

"तर गोष्ट वेगळी. पण मी लोकांना शोधत फिरू शकत नाही, हार्लन. तुम्हीही फिरू नका. कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. त्यानेच त्यांची नोकरी जाईल."

"तुमचं कार्ड द्या."

"तुमच्याकडे आहे."

"आणखी एक."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मग पर्समधून कार्ड काढून दिलं. "कशाला ते मला सांगू नका," ती म्हणाली.

कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, असं माझी आई मानायची. इथे सगळेच मानतात, आणि पट्टी फाडून ते भांडं ठेवणारं माणूस तिच्या ऑफिसातलंच असणार, असं मला वाटत होतं. मी पुडीतल्या पिठाचा मक्याचा केक केला, एका बाजूने करपला. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भांड्याच्या तळाशी ठेवलं, वर केक, वर फॉइल. आणि भांडं पायरीवर ठेवलं, जिथे मला सापडलं होतं तिथेच. कुणाच्या दारात गेलो नाही, कुणाला विचारलं नाही. माझ्याच पायरीवर ठेवलं.

सकाळी फॉइल फाटलेलं होतं आणि खारींनी केक संपवला होता. कार्ड त्यांना आवडलं नसावं. मग मी केक करायचं सोडलं. नुसतं कार्ड आणि वर फॉइल.

भांडं तिथे राहिलं. पानं पडली ती झाडताना मी ते उचलून पुन्हा ठेवायचो. टपालवाली म्हणाली, "हार्लन, कुणी विसरलं वाटतं हे." मी म्हटलं, "हो, येतील घ्यायला." एकदा डॉयलची गाडी घरावरून हळू गेली, पण तो रस्ता सगळ्यांचाच आहे. ओडेसाचं येणंही कमी झालं. आता कागद तिच्याकडून परस्पर जात होते, आणि मला सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. बिस्किटांची गोष्ट तिने दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा ते मला कळलं.

एका सकाळी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. काउंटरवरच्या मुलीने पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कागद पुढे केला, खाली सही करा म्हणाली. मी चष्मा बदलला आणि वाचायला लागलो. मागे कुणीतरी खोकलं. माझ्या शेजारी बुटांकडे बघत उभं राहायला कुणी नव्हतं. दुसरं पान उलटेपर्यंत त्या मुलीने दोनदा घड्याळ बघितलं. मी वाचून पुरं केलं आणि सही केली.

घरी आलो तर पायरीवर भांडं नव्हतं. झुडपांत बघितलं, कचऱ्याच्या डब्यात बघितलं, शेजारच्या अंगणात बघितलं. फॉइलचा तुकडासुद्धा नाही. पायरीवर चौकोनी जागा तेवढी स्वच्छ होती, भोवती माती.

भंगारवालाही नेऊ शकतो, मी स्वतःला सांगितलं. चांगलं भांडं होतं.

काही दिवस थांबलो आणि मग ओडेसाला फोन केला. फोनवर बोलायचं नाही हे मला माहीत होतं. तरी विचारलं, "कुणी आलं का तुमच्याकडे?"

हा प्रश्न मी पूर्वीही विचारला होता. तेव्हा ती लगेच म्हणायची, हार्लन, तुम्हाला माहीत आहे मला सांगता येत नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणायची.

ह्या वेळी तिने वेळ घेतला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार लावल्याचा आवाज आला.

"हार्लन," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे मला सांगता येत नाही."

"हो."

तिने फोन ठेवला नाही.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं.